वीरगळावरील तिसरी चौकट: अप्सरा, ब्रिनहिल्ड आणि साती आसरा

१/
वीरगळासमोर उभा राहिलेला माणूस बहुधा दोनच प्रश्न विचारतो: हा वीर कोण, आणि लढाई कोणाशी झाली? दगडावर लेख नसला की दोन्ही प्रश्न निरुत्तर राहतात आणि ‘अज्ञात वीर’ एवढे म्हणून माणूस पुढे जातो. त्याच दगडावर, लढाईच्या वरच्या चौकटीत, काही स्त्रिया त्या वीराला स्वर्गाकडे घेऊन चाललेल्या असतात. त्या कोण, असे क्वचितच कोणी विचारते. हा धागा त्यांच्याविषयी.

२/
चामटोली हे अंबरनाथ तालुक्यातले गाव. बदलापूर मागे टाकून वांगणीच्या दिशेने निघाले की उल्हास नदीच्या खोऱ्यात ते लागते. हजार वर्षांपूर्वी हा मुलूख उत्तर कोकणच्या शिलाहारांचा होता. वालधुनीकाठचे अंबरनाथाचे शिवालय त्यांच्याच काळातले. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, माम्वाणी राजाच्या कारकिर्दीतला. राजांची नावे अशी दगडावर राहिली. त्या शतकांत गावोगाव जे लढून मेले, त्यांच्यासाठीही दगड उभे राहिले. पण बहुतेक नावावाचून.

३/
‘वीरगळ’ हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’वरून आला, ‘कल्लु’ म्हणजे दगड. हा दगड खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर पडलेला दिसतो. गुरे वाचवताना मेला असेल तर शेजारी गाई कोरलेल्या असतात. त्यावर लढाई. त्यावर स्वर्गारोहण. सर्वांत वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेतोवर ही कीर्ती राहो. चौकटींची संख्या कमीजास्त होते, क्रम सहसा मोडत नाही.

४/
याचे उत्तर कोकणातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बोरिवलीजवळच्या एकसरचे सहा वीरगळ. त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या युद्धनौका आणि समुद्रावरची लढाई आहे. काही अभ्यासक त्यांचा संबंध यादव महादेव आणि शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांच्या संघर्षाशी, म्हणजे १२६५ च्या सुमाराशी लावतात. काही त्यांना अकराव्या शतकात नेतात. या वादात नौकांच्या बांधणीवर पुष्कळ लिहिले गेले. नौकांच्या वर स्वर्गाचे जे दृश्य आहे, त्याच्या वाट्याला एखादे वाक्य आले.

५/
तिसऱ्या चौकटीतील स्त्रियांना ‘अप्सरा’ किंवा ‘सुरसुंदरी’ म्हणतात. कधी त्या वीराच्या दोन्ही बाजूंना असतात, कधी त्याला विमानात बसवून नेतात, कधी हातात माळ किंवा चवरी असते. या कल्पनेचा ग्रंथाधार महाभारताच्या शांतिपर्वात सापडतो. रणात पडलेल्या शूराकडे हजारो अप्सरा धावत येतात आणि हा आपला पती व्हावा अशी प्रत्येकीची इच्छा असते, असे तेथे सांगितले आहे. सांगणारा इंद्र आहे, ऐकणारा अंबरीष राजा. अप्सरांना स्वतः काही बोलायची वेळ येत नाही.

६/
आता थोडे उत्तरेकडे. नॉर्वे, आइसलँड, स्वीडन या प्रदेशांच्या जुन्या धर्मकथांत अशाच स्त्रिया आहेत. त्यांना ‘वाल्किरी’ म्हणतात. जुन्या नॉर्स भाषेत ‘वाल्र’ म्हणजे रणात पडलेले आणि ‘क्योसा’ म्हणजे निवडणे. वाल्किरी म्हणजे पडलेल्यांची निवड करणारी. ओडिन या देवाच्या आज्ञेने त्या रणावर जातात, वीर निवडतात आणि वल्हाल्ला या त्याच्या सभागृहात आणतात. तेथे मद्याचे शिंग हाती देऊन त्याचे स्वागत होते.

७/
साम्य केवळ कथेत नाही, दगडातही आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर आठव्या-नवव्या शतकांतील चित्रशिळा आहेत. त्यांवरही चौकटी असतात. पुष्कळ शिळांवर खाली शीड उभारलेले जहाज, वर घोडेस्वार आणि त्याच्यापुढे शिंग घेऊन उभी असलेली स्त्री. त्यांपैकी च्येंगविदे येथील शिळा आज स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे. तिच्यावरचा घोडा आठ पायांचा आहे. स्वागत करणारी ती स्त्री वाल्किरी असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एकसरची नौका आणि गॉटलंडचे जहाज यांची भेट कधी झाली नाही. मेलेल्या योद्ध्याचे काय होते, या प्रश्नाला दोन्हीकडच्या पाथरवटांनी मात्र सारखेच चित्र दिले.

८/
येथे एक मोह होतो. ‘वाल्किरी आमच्याकडेही होत्या’ असे म्हणून विषय संपवता येतो, आणि असे लिहिलेले वाचायला मिळतेही. ही घाई टाळावी. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की त्यांतील फरक अधिक बोलतो. अप्सरा आणि वाल्किरी यांच्यातला फरक एका क्षणाचा आहे: अप्सरा मृत्यूनंतर येते, वाल्किरी मृत्यूच्या आधी. एक स्वागत करते. दुसरी निर्णय देते.

९/
नॉर्वेचा राजा हाकोन सुमारे ९६१ साली फित्यार येथील लढाईत जखमी होऊन मेला. त्याच्या मृत्यूवर एका दरबारी कवीने रचलेले काव्य टिकून आहे. त्यात दोन वाल्किरी घोड्यांवर बसून आपसांत बोलतात आणि रक्तबंबाळ राजा ते ऐकतो. तो त्यांना जाब विचारतो: लढाईचा निकाल असा का लावलात, आम्ही विजयाला पात्र नव्हतो काय? वल्हाल्लात पोहोचल्यावरही त्याला ओडिनचा भरवसा वाटत नाही. शस्त्रे जवळ ठेवलेली बरी, असे तो म्हणतो.

१०/
हा अविश्वास निराधार नव्हता. ओडिनला जगाच्या अंती होणाऱ्या महायुद्धासाठी सैन्य जमवायचे आहे. म्हणून चांगले योद्धे त्याला मेलेले हवेत. ज्याच्यावर देवाची मर्जी, त्यालाच तो रणात दगा देतो. वाल्किरी या भरतीच्या अधिकारी आहेत. वल्हाल्ला हा पुण्याचा मोबदला नव्हे, पुढच्या युद्धाची छावणी आहे.

११/
वीरगळाचा स्वर्ग याहून वेगळा आणि एका अर्थाने अधिक न्यायी आहे. येथे कोणी निवडत नाही. लढून मरणे एवढी एकच अट. शांतिपर्वातल्या त्याच संवादात अंबरीषाला स्वर्गात आपलाच सेनापती सुदेव आपल्याहून वरच्या पदावर दिसतो आणि तो इंद्राला कारण विचारतो. चाकर धन्याच्या वर जाऊ शकतो, हा तेथला विचार. गावची गुरे राखताना मेलेल्या राखणदाराच्या दगडावरही सामंताच्या दगडासारख्याच अप्सरा येतात. ज्या समाजात इतर सगळे जन्मावर ठरत होते, तेथे ही गोष्ट लहान नाही.

१२/
मात्र या न्यायाची किंमत कोणी चुकवली, हेही पाहिले पाहिजे. वीराला स्वर्ग आपोआप मिळू लागला, तेव्हा त्याला नेणाऱ्या स्त्रीकडे ठरवायला काहीच उरले नाही. ती बक्षीस झाली. तिला नाव नाही, वेगळा चेहरा नाही. शंभर दगडांवर तीच वळणे आणि तीच माळ. वाल्किरींची नावे मात्र कवींनी जपली: ग्योंदुल, स्कोगुल, सिग्रून. या मालिकेतील सर्वांत मोठे नाव ब्रिनहिल्ड. तिची कथा येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे.

१३/
दोन राजांचे युद्ध होते. वृद्ध ह्यालमगुन्नारला ओडिनने विजयाचे वचन दिले होते. समोर आग्नार होता, ज्याच्या साहाय्याला कोणीही नव्हते. वाल्किरीने आज्ञा मोडली आणि ह्यालमगुन्नारला पाडले. ओडिनने तिला निद्रेचा काटा टोचून झोपवले आणि शिक्षा सांगितली: यापुढे तू रणात जय देणार नाहीस, तुला लग्न करावे लागेल. तिने उलट शपथ घेतली की ज्याला भय ठाऊक आहे अशा पुरुषाशी आपण लग्न करणार नाही. एड्डा काव्यांत या वाल्किरीचे नाव सिग्रद्रिफा; तेराव्या शतकातील व्होल्सुंग गाथेत तीच ब्रिनहिल्ड.

१४/
पुढची कथा फसवणुकीची. तिच्या घराभोवती ज्वाळा आहेत. गुन्नारला त्या ओलांडता येत नाहीत, म्हणून सिगर्ड त्याचे रूप घेऊन आत जातो. तीन रात्री दोघांमध्ये नागवी तलवार असते. ब्रिनहिल्डचे लग्न गुन्नारशी होते. नदीवर केस धुताना सिगर्डची बायको गुद्रून हिच्याशी, वरच्या अंगाला कोणी उभे राहायचे यावरून, वाद होतो. एका अंगठीने सत्य बाहेर पडते. ब्रिनहिल्ड सिगर्डचा वध घडवते, मग स्वतःला भोसकते आणि त्याच्याच चितेवर आपल्याला ठेवावे असे सांगते.

१५/
एकोणिसाव्या शतकात वाग्नरने या कथेवर संगीतनाटके रचली. ‘वाल्किरी’ १८७० साली म्युनिकमध्ये प्रथम सादर झाले आणि शिरस्त्राण घातलेली ब्रिनहिल्ड जगभर पोहोचली. त्या चित्रामुळे मूळ कथेतील एक गोष्ट झाकली जाते. ब्रिनहिल्ड एकाच आयुष्यात तीन जणी आहे: रणातून वीर नेणारी देवस्त्री, नदीकाठी हक्क सांगणारी मानी बाई आणि चितेवर जाणारी स्त्री. मराठी मुलखात या तिघी वेगळ्या झाल्या आणि तीन निरनिराळ्या दगडांवर जाऊन बसल्या.

१६/
पहिला दगड वीरगळ. तो पाहून झाला. दुसरा सतीशिळा. पुष्कळ ठिकाणी ती वीरगळाच्या शेजारीच असते. तिच्यावर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला एक हात असतो, वर चंद्रसूर्य. वीराचे शरीर डोक्यापासून पायापर्यंत चार चौकटींत कोरले जाते; त्याच्यामागे जळलेल्या स्त्रीची आठवण एका हातावर भागवली जाते. स्वर्गातील स्त्री वीराला बक्षीस म्हणून मिळते. पृथ्वीवरच्या स्त्रीला दगडावर येण्यासाठी आधी राख व्हावे लागते.

१७/
तिसरा दगड गावाबाहेर, पाण्यापाशी असतो. विहीर, डोह, ओढ्याचा काठ. शेंदूर लावलेले सात तांदळे: साती आसरा. ‘आसरा’ हे ‘अप्सरा’चेच लोकभाषेतले रूप. पण स्वभाव पुरता निराळा. या कोणाला स्वर्गात नेत नाहीत, कोणाची वाट पाहत नाहीत. त्या पाण्याच्या मालकिणी आहेत. त्यांना ओटी भरायची, हिरव्या बांगड्या वाहायच्या, भलत्या वेळी पाण्यात उतरायचे नाही. चुकले तर त्या धरतात. आणि त्यांना नावे आहेत: मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी. मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी यांची ही नावे.

१८/
अप्सरा आणि पाणी यांचे नाते फार जुने आहे. उर्वशी आणि पुरूरवा यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात येतो. शतपथ ब्राह्मणात ती सख्यांसह जलपक्ष्यांच्या रूपात सरोवरावर तरंगताना त्याला सापडते, आणि परत यायला तयार नसते. उत्तरेकडे व्होलुंद लोहाराच्या कथेत तीन वाल्किरी हंसवस्त्रे बाजूला ठेवून तळ्याकाठी सूत काततात. व्होलुंद आणि त्याचे भाऊ त्यांना घरी नेतात. सात हिवाळे त्या नांदतात, आठव्यात मन उडते, नवव्यात निघून जातात. दोन्ही कथांत देवस्त्री स्वतःच्या इच्छेने जाते. आसरांच्या ठायी हा स्वतंत्र बाणा टिकला. वीरगळावर तो पुसला गेला.

१९/
यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. तिसरी चौकट हा पाथरवटाचा ठरलेला साचा होता. त्यातून एवढा अर्थ काढणे म्हणजे ओढाताण नव्हे काय? साचा होता, यात शंका नाही. पण समाज ज्याविषयी वाद घालतो ते साच्यात जात नाही. जे सर्वांना मान्य असते तेच जाते. शतकानुशतके कोणाही पाथरवटाला ती चौकट बदलावीशी वाटली नाही, हाच तिचा पुरावा. नॉर्स आणि मराठी परंपरा एकाच मुळातून फुटल्या, असा दावाही येथे नाही. ब्रिनहिल्ड हा एक आरसा आहे. तो समोर धरला की गावातले तीन दगड एकमेकांचे नातलग असल्याचे दिसते.

२०/
याचा आजच्या दिवसाशी संबंध आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान चामटोलीजवळ अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या दिवशी राज्याने या गावाचे नाव ऐकले. नदीकाठच्या गावांना पाणी काय करू शकते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. काठावर कोठे थांबायचे, कोणता डोह टाळायचा, हे ज्ञान आसरांच्या भयात साठवलेले होते. ओढे बुजवून, विहिरी झाकून वस्ती वाढते तेव्हा तांदळ्यांबरोबर ही आठवणही गाडली जाते.

२१/
अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर हा पट्टा झपाट्याने भरत आहे. अंबरनाथाचे देऊळ संरक्षित स्मारक आहे, म्हणून ते राहील. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत. ते वेशीवर, पारावर, देवळामागे पडून असतात. अलीकडे गावोगावचे तरुण त्यांची छायाचित्रे घेतात, त्यांना स्वच्छ करून उभे करतात. हे काम मोलाचे आहे. पण त्यातही निवड होते. तलवार दिसणारा दगड उचलून सावलीत ठेवला जातो. हाताचा दगड ‘कसलातरी’ म्हणून मागे राहतो. पाण्याकाठचे सात गोटे तर इतिहासात धरलेच जात नाहीत.

२२/
म्हणून आग्रह एवढाच आहे: नोंद करायची तर तिन्हींची करावी, आणि ते जेथे आहेत तेथेच करावी. वीरगळाच्या किती अंतरावर सतीशिळा आहे, आसरांचे ठाणे कोणत्या दिशेला आहे, गावातल्या बायका त्यांना कोणत्या नावांनी हाक मारतात, कोणत्या दिवशी ओटी भरतात. हे लिहून ठेवावे. दगड हलवला की हे नाते तुटते. तेलरंग फासला की तिसऱ्या चौकटीतील बारीक कोरीव काम सर्वांत आधी बुजते.

२३/
सतीशिळेची नोंद म्हणजे सतीचा गौरव नव्हे. १९८७ च्या कायद्याने सतीचे उदात्तीकरण हा गुन्हा ठरवला आहे आणि ते योग्यच आहे. पण जे घडले त्याचा दगड लपवल्याने ते घडले नव्हते असे होत नाही. शौर्याचे स्मारक मिरवायचे आणि त्या शौर्याची शेजारीच उभी असलेली किंमत झाकायची, हा इतिहास नव्हे. दोन्ही दगड एकत्र पाहिले की वीराविषयीचा आदर कमी होत नाही; त्या आदराला डोळे येतात.

२४/
ब्रिनहिल्डला आज्ञा मोडल्याची शिक्षा झाली, पण का मोडली हे तिच्या लोकांनी लिहून ठेवले. म्हणून ती आजही बोलते. वीरगळावरील स्त्रीला कोणी काही विचारलेच नाही. पुढच्या वेळी एखाद्या वेशीवर असा दगड दिसला तर वीराच्या शस्त्रावर नजर जाईलच. ती थोडी वर न्यावी, मग शेजारच्या हाताकडे, आणि गावात कोणी वडीलधारी बाई भेटली तर तिला आसरांचे ठिकाण विचारावे. अर्धा इतिहास तिला ठाऊक असतो.

(समाप्त)